मेट्रोच्या वाटेवरची महापालिकेची जागा: पहिल्यांदाच फाईल हातात आलेल्यांसाठी

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवर कुणालाही विचारा, मेट्रो कुठून जाणार ते तो हाताने दाखवील. वाळूजकडून नगर नाका, क्रांती चौक, सेव्हन हिल्स, सिडको, चिकलठाणा, मग शेंद्रा. कधी जाणार असं विचारलं की हात खाली येतो. प्रस्ताव कधी मेट्रो निओचा, म्हणजे छोट्या मेट्रोचा असतो, कधी दुमजली उड्डाणपुलाचा, आणि दर निवडणुकीला त्याला नवी पालवी फुटते. तेवढ्यात महापालिकेच्या मालमत्ता विभागात एखादी जुनी फाईल उघडते. वर एका ओळीचा शेरा असतो : ‘जागा मोक्याची आहे, विकासाचा प्रस्ताव सादर करावा.’

ही फाईल ज्याच्या टेबलावर येऊन पडते त्याच्यासाठी हा लेख आहे. तो नगररचना विभागातला नवा कनिष्ठ अभियंता असेल, पहिल्यांदा निवडून आलेला नगरसेवक असेल, किंवा वॉर्डात आक्षेप लिहून देणारा साधा नागरिक असेल. समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक जागा धरू : शहराच्या वेशीवर, मोठ्या रस्त्याला लागून, जुन्या जकात नाक्याची चार एकर. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, २०१७ ला जीएसटी आला. नाक्याची जागा तिथेच आहे. आत पत्रे उडालेलं ऑफिस, भंगारात काढलेल्या घंटागाड्या, टँकर भरायचा पॉइंट, कडेला तेवीस टपऱ्या, एक जुनाट निंब आणि निंबाखाली शेंदूर फासलेला म्हसोबा.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ होणार नाही. स्टेशन दहा वर्षं उशिरा आलं तरी चालेल अशी योजना करा. आणि जागा विकू नका.

आधी कागद, तेही निजामापासूनचे

नवखा माणूस सुरुवात आर्किटेक्टच्या चित्रापासून करतो. काचेची इमारत, कारंजं, हसरं कुटुंब. तुम्ही सुरुवात भूमी अभिलेख कार्यालयापासून करा.

जागा ‘महापालिकेची’ आहे, असं सगळे म्हणतात. याचे निदान चार वेगवेगळे अर्थ होतात. ती मालकीची असेल. शासनाची असून महापालिकेकडे फक्त ताबा असेल. ठरावीक कामासाठी अटी-शर्तींवर मिळालेली असेल. किंवा नगरपालिकेच्या काळापासून वापरात आहे एवढंच असेल आणि कागद कुणी पाहिलेलाच नसेल. संभाजीनगरची महापालिका १९८२ ची. त्याआधी नगरपालिका, आणि १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. शिवाय सिडकोने वसवलेला भाग २००६ ला महापालिकेकडे आला, त्याची कागदपत्रं वेगळ्याच कपाटात. त्यामुळे चार एकरांच्या तुकड्यात तीन राजवटींचे कागद निघाले तर नवल वाटून घेऊ नका.

सातबारा आणि आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, तर काढाच, पण त्यावर थांबू नका. १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे तेव्हा जमीन कुणाकडे होती त्याची नोंद, मागा. मराठवाड्यात जमिनीच्या वादात शेवटी सगळे तिथेच येतात. त्याआधीच्या नोंदी उर्दूत, क्वचित मोडीत असतात, आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं असतं. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतं. फसली १३५५ म्हणजे १९४५-४६. नोंदीत ‘इनाम’, ‘मदतमाश’, ‘खिदमतमाश’ यांपैकी काहीही दिसलं की पेन खाली ठेवा आणि विधी विभागाकडे जा. मदतमाश म्हणजे गुजराणीसाठी दिलेली जमीन, खिदमतमाश म्हणजे देवस्थान किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली जमीन. वक्फच्या राजपत्रातली यादीही त्याच वेळी तपासून घ्या. हा शोध दोन महिने खातो. निविदा निघाल्यावर तोच प्रश्न उभा राहिला तर दहा वर्षं खातो.

मग हद्द कायम मोजणी. अर्ज करा, फी भरा, मोजणीच्या दिवशी स्वतः उभे राहा. एका नगरपालिकेत मी हे काम ‘करून घेतलं’ होतं, म्हणजे खुर्चीत बसून फोनवर. आराखडा तयार झाला, सभेत टाळ्या पडल्या, आणि मग मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत आली. अकरा गुंठे समोरच्या रस्त्यात गेले होते आणि मागच्या बाजूची संरक्षक भिंत शेजाऱ्याने दीड मीटर आत सरकवली होती. इमारतीचा एक अख्खा जिना दुसऱ्याच्या जागेत उभा होता, कागदावर. तेव्हापासून मोजणीचा दगड रोवताना मी स्वतः हजर असतो.

जागेवर तीन वेळा जा

सकाळी सातला, मे महिन्यात दुपारी दोनला, आणि रात्री नऊला. एका भेटीत जागा कळत नाही.

सकाळी सातला कळतं की नाक्याच्या कोपऱ्यावर एमआयडीसीच्या बसची वाट पाहणारे कामगार उभे असतात आणि शेअरिंग रिक्षा तिथेच वळतात. म्हणजे तुमच्या जागेवर ‘स्टेशन’ आधीच आहे, फक्त त्याला छप्पर नाही. दुपारी दोनला कळतं की सगळी माणसं त्या एका निंबाखाली का गोळा होतात. आणि रात्री नऊला कळतं की मागच्या गल्लीत दिवा नाही, त्यामुळे बायका लांबच्या वळणाने घरी जातात. आराखड्यात मागचं फाटक काढायचं की नाही, हे मी अशाच एका रात्रीच्या फेरीत ठरवलं होतं.

केंद्राच्या २०१७ च्या टीओडी धोरणात, म्हणजे स्थानककेंद्रित विकासाच्या धोरणात, स्टेशनचा प्रभाव ५०० ते ८०० मीटर धरलेला आहे. दहा-बारा मिनिटांची चाल. नकाशावर कंपास ठेवून ५०० मीटरचं वर्तुळ काढलं की त्यात साधारण १९४ एकर येतात आणि सगळे खूश होतात. पण माणूस कंपासच्या रेषेवरून चालत नाही. मध्ये दुभाजक असतो, नाला असतो, छावणीची भिंत असते, कुणाच्या तरी लॉन्सचं कुंपण असतं. पायाने मोजा. घड्याळ लावा. आणि हे ४२ अंशांत करा, कारण सावली नसेल तर आपल्याकडे दोनशे मीटरलाही माणूस रिक्षाला हात करतो.

स्टेशन नेमकं कुठे आहे आणि केवढं आहे

वर्तमानपत्रातला नकाशा पुरावा नसतो. प्रकल्प अहवालात स्टेशनचं ठिकाण काय दिलंय ते लेखी मागवा, आणि मंजुरी कुठल्या टप्प्यावर आहे तेही विचारा : नुसता अहवाल, राज्य मंत्रिमंडळ, की केंद्र. अहवालातलं स्टेशन शंभर-दीडशे मीटर इकडेतिकडे सरकणं अगदी नेहमीचं आहे.

गाडी कुठली आहे हेही बघा. केंद्राने २०१९ मध्ये मेट्रोलाइटची मानकं काढली. ही आपली लाइट रेल. गर्दीच्या तासाला एका दिशेने १५,००० पर्यंत प्रवासी धरलेल्या मार्गांसाठी. २०२० मध्ये मेट्रो निओ आली, ती तर रबरी चाकांची आणि त्याहून कमी गर्दीची. मोठ्या मेट्रोच्या स्टेशनाबाहेर मॉल चालतो म्हणून इथेही चालेल, हा हिशेब इथेच फसतो. हैदराबादला मेट्रो उभारणाऱ्या कंपनीला २६९ एकर जमिनीवर व्यापारी बांधकामाचे हक्क मिळाले होते. एवढं मोठं शहर, एवढी मोठी मेट्रो, तरी ते सगळं बांधकाम ठरल्या वेळेत उभं राहून भरलं नाही. आपल्या वेशीवरच्या नाक्यावर छोटी गाडी येणार असेल, तर तळमजल्यावर भाजी, मेडिकल, झेरॉक्स, खानावळ हेच चालणार. त्याला कमी लेखू नका. भाडं वेळेवर देणारी हीच दुकानं असतात.

एफएसआयचं गाजर

इथे सल्लागार तुमच्यासमोर एक तक्ता ठेवील. तो नीट वाचायला शिका.

राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, जी डिसेंबर २०२० पासून लागू आहे, महापालिका हद्दीत मूळ एफएसआय, म्हणजे जागेच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, १.१० आहे. त्यावर प्रीमियम भरून आणि टीडीआर, म्हणजे दुसरीकडचे हस्तांतरित बांधकाम हक्क, घेऊन किती वाढेल, ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. पुण्यात मेट्रो स्टेशनच्या ५०० मीटर परिघात टीओडी क्षेत्र म्हणून चारपर्यंत एफएसआय मिळतो. सल्लागार तो चारचा आकडा उचलून आपल्या नाक्याला लावतो.

आपली जागा ढोबळ १६,००० चौरस मीटर धरा. १.१० ने १७,६०० चौरस मीटर बांधकाम होतं, चारने ६४,०००. मधले ४६,४०० चौरस मीटर राजपत्रात टीओडी क्षेत्र जाहीर होईपर्यंत हवेत आहेत. त्यांच्या भरवशावर बोली लावणारा बिल्डर पुढे काय करील? काम अर्धवट सोडून मुदतवाढ मागील, मग कोर्टात जाईल, आणि जागेवर गंजलेल्या सळया राहतील. म्हणून आर्थिक हिशेब दोनदा मांडायला सांगा : एक आजच्या नियमाने, एक टीओडी मिळाल्यास. पहिल्या हिशेबात प्रकल्प उभा राहत नसेल तर तो उभा राहतच नाही असं धरा.

उंचीचंही तसंच. चिकलठाणा विमानतळ जालना रोडला खेटून आहे, तेव्हा विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत उंची-नकाशा आधी उघडा. जुन्या शहरालगत जागा असेल तर संरक्षित स्मारकापासून १०० मीटर मनाई आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीचं क्षेत्र. छावणीजवळ असेल तर लष्कराचं ना-हरकत. जुन्या शहराच्या उत्तर अंगाला असेल तर मलिक अंबरच्या नहरीची खापरी नळवाट खालून जाते का, तेही विचारा. जेसीबीला सतरावं शतक कळत नाही.

पाणी

हा भाग दिल्लीच्या मार्गदर्शक पुस्तिकांत दोन ओळींत संपतो. मराठवाड्यात तो पहिल्या पानावर यायला हवा.

हिशेब साधा आहे. जागेच्या मागच्या भागात ४०० घरं बांधली, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटरचा सरकारी निकष. रोज २,७०,००० लिटर. दहा हजारांच्या टँकरने आणायचं म्हटलं तर रोज २७ टँकर, दर तासाला एकाहून जास्त. संभाजीनगरात जायकवाडीचं पाणी पाइपाने येतं, तरी कित्येक वसाहतींनी नळ आठवड्याने सुटण्याचे दिवस पाहिले आहेत. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. रेल्वेजवळ घरं बांधा म्हणताना मराठवाड्यातल्या माणसाला ती वाघिणींची रांग आठवल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा पाणीपुरवठा विभागाचं ‘पाणी उपलब्ध होईल’ असं मोघम पत्र घेऊ नका. कुठल्या जलकुंभावरून, किती इंची लाइनमधून, किती दिवसांआड, हे लिहून मागा. ते मिळत नसेल तर घरांची संख्या कमी करा. दुकानं, ऑफिसं, अभ्यासिका यांना पाणी फार कमी लागतं. पाण्याची लाइन येईपर्यंत तीच बांधा. शौचालयाच्या फ्लशसाठी सांडपाणी शुद्ध करून वापरायची वेगळी पाइपलाइन पहिल्या नकाशातच टाका, नंतर भिंती फोडून ती कुणी टाकत नाही. आणि टँकर भरायचा जुना पॉइंट काढायची घाई नको. मेमध्ये आजूबाजूच्या चार वस्त्या त्यावरच जगतात.

टपऱ्या, म्हसोबा आणि मागची वस्ती

‘अतिक्रमण हटवून जागा मोकळी करणे’ अशी एक ओळ प्रत्येक प्रस्तावात असते, आणि बहुतेक प्रस्ताव त्याच ओळीवर अडकतात.

पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. नगर पथविक्रेता समितीमार्फत सर्वेक्षण झाल्याशिवाय विक्रेत्यांना उठवता येत नाही. तेव्हा पथक पाठवण्याआधी वही घेऊन स्वतः जा. कुणाची टपरी, किती वर्षं, वीज कुठून घेतो, दिवसाला गल्ला किती. पहिले दोन दिवस कुणी खरं सांगत नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता सांगतात. अशाच एका सर्वेक्षणात एका चहावाल्याने मला ऐकवलं होतं, ‘साहेब, टेशन यायचं तवा येईल. तवर आमी कुठं बसायचं ते लिवा की त्या कागदावर.’

ते खरोखर लिहायला हवं. नवा गाळा तयार होऊन त्याची किल्ली हातात पडेपर्यंत जुनी टपरी हलवायची नाही, आणि मधल्या काळातली तात्पुरती जागा त्याच रस्त्यावर, दोनशे मीटरच्या आत. ‘तात्पुरतं’ या शब्दाचं काय होतं ते पुण्यात शिवाजीनगरला दिसलं. मेट्रोच्या कामासाठी एसटी स्टँड २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवला. २०२३ ला मेट्रो धावू लागली तरी स्टँड परत आलेला नव्हता. प्रवाशांचं झालं ते झालंच, पण स्टँडसमोरच्या धंद्यांचं काय झालं असेल याचा विचार करा.

गाळ्यांच्या वाटपाची यादी सर्वेक्षणाच्या दिवशीच गोठवा, फोटोसकट. एरवी तेवीस टपऱ्यांचे सहा महिन्यांत एकसष्ट लाभार्थी होतात आणि त्यातले निम्मे कुणाचे तरी भाचे असतात.

म्हसोबाला हात लावू नका. निंबालाही. ५० वर्षांवरच्या झाडाला २०२१ पासून कायद्याने हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे, त्यामुळे निंब राखला की म्हसोबाचा प्रश्न आपोआप सुटतो. दहा टक्के मोकळी जागा सोडायचीच आहे, ती इथे सोडा.

ठराव आणि आरक्षण

विकास आराखड्यात जागेवर काय आरक्षण आहे ते भाग नकाशा घेऊन बघा. ट्रक टर्मिनस किंवा सार्वजनिक-निमसार्वजनिक असं काही निघालं, तर घरं-दुकानं थेट बांधता येत नाहीत. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो : सभेचा ठराव, राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना, एक महिना हरकती, सुनावणी, मग शासनाची मंजुरी. कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात वर्ष जातं. नगरसेवक नसताना प्रशासकाच्या सहीने ठराव होतात, आपल्या शहराने २०२० नंतर ते दीर्घकाळ पाहिलं. काम भराभर होतं हे खरं. पण चर्चा न होता झालेला ठराव पुढच्या सभेत पहिल्याच दिवशी कुणीतरी उकरतो. म्हणून प्रशासकाच्या काळातही वॉर्डात दोन बैठका घ्या, हजेरीवर सह्या घ्या, आणि त्या फाईलला लावा.

नागरिक म्हणून हरकत लिहीत असाल तर ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहू नका. सर्व्हे नंबर, भाग नकाशा, नेमकी मागणी, आणि सुनावणीला बोलावण्याची विनंती, हे चार मुद्दे लिहा. पोच घ्या. सुनावणीला जा. न जाणाऱ्याची हरकत एका ओळीत निकाली निघते.

निविदेआधी जागेचे तीन तुकडे

महापालिका अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे स्थावर मालमत्ता विकताना किंवा भाडेपट्ट्याने देताना चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदला घेता येत नाही. म्हणून मूल्यांकन आधी करून घ्या, आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, हा तळ समजा. स्टेशनची नुसती घोषणा झाली तरी भाव हलतो, आणि तो वाढलेला भाव कुणाच्या खिशात जाणार हे निविदेच्या अटींत ठरतं.

मी आपल्या नाक्याचे असे तुकडे पाडीन. मागचा दीड एकर आता विकसित करायचा : गाळे, त्यावर ऑफिसं आणि अभ्यासिका, पाण्याचं पत्र हाती आलं की घरं. मधला एकर लोकांसाठी : निंब, बाजाराचे ओटे, रिक्षा आणि सिटी बसचा थांबा, स्वच्छतागृह. आणि रस्त्याकडेचा, सगळ्यात महागडा दीड एकर राखून ठेवायचा. हे ऐकलं की लेखा विभाग कपाळाला हात लावतो. पण स्टेशन आल्यावर सगळ्यात जास्त भाव याच तुकड्याला येणार आहे, आणि स्टेशनचा जिना, लिफ्ट, पादचारी पूल उतरवायला जागाही इथेच लागणार आहे. तोवर आठवडी बाजार भरू द्या, पार्किंगचं भाडं घ्या, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. पक्कं बांधकाम मात्र एक वीटही नको.

भाडेपट्टा देताना मोठी रक्कम एकदम मागण्याचा मोह होतो. ती आली की कंत्राटदारांच्या थकलेल्या बिलांत आणि पगारात विरघळते. तिसऱ्या वर्षी रक्कमही नसते आणि जागाही नसते. थोडी रक्कम आधी आणि बाकी वार्षिक भाडं, दर तीन वर्षांनी वाढणारं, हे बरं. पुढे टीओडीचा वाढीव एफएसआय मिळाला तर त्याचा प्रीमियम वेगळा भरावा लागेल, ही अट पहिल्याच करारात घाला. काम मुदतीत झालं नाही तर जागा कुठल्या टप्प्यावर परत येईल, तेही. आमच्याकडे बीओटीवर, म्हणजे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीने दिलेल्या एका मंडईच्या करारात ही ओळ राहून गेली होती. भाजीवाले कित्येक वर्षं रस्त्यावर बसले आणि आत खड्ड्यात पावसाचं पाणी साचत राहिलं. पोरं त्यात पोहायला शिकली.

फाईल फिरतेय तोवर

या सगळ्याला दोन-तीन वर्षं सहज जातात. तोवर करण्यासारखी कामं महापालिकेच्या नेहमीच्या निधीतून होतात, निविदा वगैरे मोठी लागत नाही. मोजणीच्या दगडांवर तारेचं कुंपण. सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ लिहिलेला फलक, मराठीत, ठळक. मागच्या गल्लीत चार दिवे. भंगार घंटागाड्यांचा लिलाव. आणि मागच्या वस्तीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत जी पायवाट लोकांनी तुडवून पाडलीच आहे, तिच्या दोन्ही अंगांना निंब आणि करंज, या जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर. पहिले दोन उन्हाळे टँकर पॉइंटवर वाया जाणारं पाणी चर खणून त्यांच्याकडे वळवा. खड्डे मेमध्येच खणून ठेवा.